विटेवरचा देव आणि भिंतीखालचे चोखोबा



कार्तिकी झाली. आषाढ शुद्ध एकादशीला निजलेले देव कार्तिक शुद्ध एकादशीला उठले. तुळशीची लग्नं लागली, त्रिपुरीचे दिवे लागले, आणि आपण सगळे आता माउलींच्या समाधी सोहळ्यासाठी आळंदीत येऊन बसलो आहोत. या दिवसांत पाया पडायला येणारी माणसं मला दोनच गोष्टी विचारतात. एक म्हणजे, "महाराज, मुलीचं जमतंय, कधी उरकू?" आणि दुसरी, "महाराज, घर बांधायला काढलंय, कुदळ कधी मारू?"

लग्नाचं पुन्हा कधी बोलू. आज घराचं बोलायचं आहे. मला या विषयात थोडं बोलायचा अधिकार आहे, कारण माझे वडील गवंडी होते. आमच्या घरात थापी आणि टाळ एकाच खुंटीला असायचे. वारीला निघाले की टाळ काढायचे, परत आले की थापी. म्हणून आजचं हे कीर्तन ऐकताना, किंवा पुढे पुस्तकात उतरवलेलं वाचताना, कुणाला वाटेल की महाराजांनी आज वीट-सिमेंटच काय लावलंय. तर वाटू द्या. ज्याच्या दारात वाळूचा ढीग पडला आहे त्याला बरोबर कळेल.

(विठ्ठल विठ्ठल नामाचा गजर)

पहिली गोष्ट. हिवाळ्याच्या तोंडावर घर काढायचं हे बरोबर की चूक? बरोबर. चातुर्मासात घराला हात लावायचा नाही असं आपल्याकडे म्हणतात. कुणी म्हणतं देव निजलेले असतात म्हणून. मी म्हणतो, देव निजलेले असतात आणि चरात गुडघाभर पाणी असतं, दोन्ही खरं आहे. कार्तिकात काय होतं बघा. विहिरीला पाणी असतं. चैत्रात ज्या गावात टँकरची वाट बघतात त्याच गावात कार्तिकात मोट मारावी एवढं पाणी. बांधकामाला सिमेंटपेक्षा जास्त काय लागत असेल तर पाणी. दुसरं, ऊन कोवळं असतं. भिंत लवकर सुकत नाही, मारलेलं पाणी तिच्या अंगी लागतं. तिसरं, सोयाबीन निघालेलं असतं, मका निघालेला असतो, हातात चार पैसे असतात. आणि चौथं तुम्हा शेतकऱ्यांना मी सांगायला नको: जमिनीला वाफसा आलेला असतो. चिखलही नाही, दगडासारखी कडकही नाही. कुदळ सुखानं शिरते.

हे भाग्य सगळ्यांना नाही बरं का. तुमच्यापैकी केदारनाथाला जाऊन आलेले किती? हात वर करा. बघा, बरेच आहेत. तिथं भाऊबीजेला देवळाचे दरवाजे बंद होतात आणि देवाची पालखी खाली उखीमठला जाते. आपल्याकडे देव उठायच्या वेळेला तिकडे देव खाली उतरतो. त्या उंचीवर हिवाळ्यात ओलं बांधकाम करणं फार अवघड. मालातलं पाणी गोठतं, गोठताना फुगतं, आणि ताजा सांधा आतून फोडून टाकतं. म्हणजे ज्या थंडीला आपण बांधकामाचा हंगाम म्हणतो ती थंडी आणखी जरा वाढली की बांधकामाची वैरीण होते. हे ध्यानात ठेवा, याच्यावर मला पुन्हा यायचं आहे.

आता मुहूर्त. पंचांग पाहता, पाहा. पण पंचांग बघणारे शंभर असले तर माती बघणारा एखादाच. आपल्या सोलापूर-मराठवाड्याकडची, नदीकाठची काळी माती. कापसाला सोनं, भिंतीला काळ. ती पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसते. वैशाखात शेतात चालताना पाहिलं असेल, मनगट जाईल एवढ्या भेगा पडतात. त्या मातीवर तुम्ही पाया ठेवला की पावसाळ्यात ती भिंत वर उचलणार आणि उन्हाळ्यात खाली सोडणार. दोन वर्षांत खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी भेग निघते. मग लोक म्हणतात वास्तुदोष! अहो, दोष वास्तूचा नाही, पायाचा आहे. काळी माती ओलांडून खाली मुरमाला जा. किती खोल? ते भटजी सांगणार नाहीत, मीही सांगणार नाही, कुदळ सांगेल. कुदळीचा आवाज बदलेपर्यंत जा. आणि मुरूम फारच खोल असला तर इंजिनिअरला विचारून दुसरा उपाय करा, पण काळीवर टेकू नका.

इथं आळंदीत ज्ञानोबा माउलींनी चालवलेली भिंत अजून दाखवतात. चांगदेव वाघावर बसून भेटीला आले, आणि ही चार भावंडं ज्या भिंतीवर बसली होती तीच त्यांनी सामोरी चालवली. दर्शन घेतलंत ना सगळ्यांनी? मग एक लक्षात ठेवा, माउलींची भिंत चालली ती भेटीसाठी. तुमची चालली तर ती काळ्या मातीमुळे चालेल, आणि ती भेटायला येणार नाही, अंगावर येणार. (हशा)

हसलात. आता जे सांगतो त्यात हसण्यासारखं नाही. कार्तिकात चर खणताना वरची माती मऊ असली तरी आतली ओल मोडलेली नसते. चर खोल गेला की कडा सुटतात. आत उतरलेला माणूस छातीएवढ्या खोलीत असतो, वर उपसलेल्या मातीचा ढीग काठावरच रचलेला असतो, आणि ढिगाच्या भारानं कड आत येते. छातीपर्यंत माती आली तरी माणूस श्वास घेऊ शकत नाही, डोकं बाहेर असलं तरी. म्हणून उपसलेली माती काठापासून लांब टाका. खोल चराला फळ्यांचा आधार द्या. एवढं केलं तर दोन तास जातात. मुहूर्त साधायला पहाटे साडेचारला उठणारे आपण, दोन तासांसाठी काटकसर करतो.

(ज्ञानोबा माउली तुकाराम)

बरं, पाया झाला, जोतं झालं. आता वीट.

वीट म्हटलं की वारकऱ्याला दुसरं काय आठवणार? पुंडलिक आईबापाची सेवा करत होता, देव दारात आला, पुंडलिकानं मागं न बघता वीट भिरकावली, म्हणाला यावर उभा राहा, माझं काम झालं की येतो. देव उभा राहिला. किती? अठ्ठावीस युगं. मला लहानपणी प्रश्न पडायचा, ती वीट फुटली कशी नाही? वडील म्हणायचे, "चांगली भाजलेली असणार." आणि मग दोन विटा एकमेकींवर वाजवून दाखवायचे. खणकन वाजली तर घ्यायची, बद्द वाजली तर परत पाठवायची. नखानं ओरखडा उठला तर ती वीट नव्हे, वाळलेला चिखल आहे.

कार्तिकात घर काढणाऱ्याला विटेची एक अडचण येते. भट्ट्या दिवाळीनंतर लागतात. नव्या विटा भाजून हाती यायला पौष उजाडतो. तोपर्यंत मिळतात त्या गेल्या हंगामातल्या उरलेल्या. त्यात चांगल्याही असतात, पावसात भिजून कोपरे गेलेल्याही असतात. वाजवून घ्या. आणि लावायच्या आधी पाण्यात बुडवा, बुडबुडे थांबेपर्यंत. कोरडी वीट तहानलेली असते. तिच्यावर माल ठेवला की मालातलं पाणी ती पिऊन टाकते, आणि मालाला घट्ट व्हायला पाणीच उरत नाही. थंडीचं पाणी गार असतं, बिगाऱ्याला हात घालवत नाही, मग तो वरून तांब्याभर शिंपडतो आणि वीट पुढे देतो. त्याला दोष देऊ नका. दुपारी ऊन आल्यावर हौदात विटा भिजत टाकायला सांगा, सकाळी काढून ठेवा. झालं.

आता देवाकडे परत या. देवाचे हात कुठे आहेत? कमरेवर. बांधकामावर जाऊन बघा, घरमालकाचे हात कुठे असतात? कमरेवरच! (हशा) पण फरक आहे. देवानं कमरेवर हात ठेवले ते थांबण्यासाठी. पुंडलिकाचं काम होईपर्यंत थांबायचं आहे, म्हणून. आणि आपण कमरेवर हात ठेवून गवंड्याला म्हणतो, "का रे, आज एवढंच झालं?"

एका दिवसात विटेची भिंत दीड मीटरच्या, म्हणजे सुमारे पाच फुटांच्या वर चढवू नये असा नियम आहे. खालचा माल ओला असतो, त्यावर भार वाढला की सांधे दबतात, भिंत ओळंब्यातून जाते. दगडाची भिंत तर त्याहून कमी चढवावी. मालक म्हणतो, मी मजुरी रोजाची देतो, थर वाढले पाहिजेत. वाढतात. ओळंबाही सुटतो. मग गिलाव्यात झाकतात.

आणि आता खरा मुद्दा. सिमेंट वाळतं असं आपण म्हणतो. सिमेंट वाळत नाही हो, सिमेंट पिकतं. आंबा अढीत पिकतो तसं. पाणी आणि सिमेंट यांचं आतल्या आत काही घडत असतं, त्यातून ते घट्ट होतं. म्हणून वरून वाळलेलं दिसलं तरी पाणी मारायचं असतं. पाणी तोडलं की पिकणं तुटलं. सात दिवसांनी त्याच्या अंगात पूर्ण ताकदीच्या साधारण दोन तृतीयांश आलेली असते. पूर्ण ताकद कधी मोजतात माहीत आहे? अठ्ठावीस दिवसांनी. इंजिनिअर लोकांनी हा आकडा पंढरपुरातून नेलेला नाही, पण मला काही तो सोडवत नाही. देव विटेवर अठ्ठावीस युगं उभा आहे आणि आपल्याला त्या विटेवरच्या स्लॅबसाठी अठ्ठावीस दिवस थांबवत नाही!

(पांडुरंग हरी, पांडुरंग हरी)

मघाशी थंडीचं म्हणालो होतो. अढीतला आंबा थंडीत लवकर पिकतो का? नाही. सिमेंटही नाही. आपल्याकडे पाणी गोठत नाही, पण निफाडकडे मार्गशीर्ष-पौषात पारा पाच-सहा अंशांच्याही खाली गेलेला आहे. पुणे, नाशिक, धुळे, विदर्भ, रात्री सगळीकडे अंगावर घोंगडी लागते. स्लॅबला घोंगडी कोण घालतो? स्लॅबखालचे टेकू कधी काढायचे याचे दिवस भारतीय मानक ४५६ मध्ये दिले आहेत. स्लॅबचा गाळा साडेचार मीटरपर्यंत असेल तर सात दिवस, त्याहून मोठा असेल तर चौदा. तुळई सहा मीटरपर्यंत असेल तर चौदा, त्याहून लांब असेल तर एकवीस. पण त्यातच पुढे लिहिलं आहे, हे दिवस साध्या सिमेंटचे, आणि हवा पंधरा अंशांच्या खाली गेली नसेल तरचे. आता आजकाल गोणीवर बघा, बहुतेक वेळा पीपीसी लिहिलेलं असतं. ते सिमेंट चांगलंच आहे, पण सुरुवातीला सावकाश पिकतं. त्याला पाणीही किमान दहा दिवस मारावं लागतं. म्हणजे सिमेंट सावकाश आणि वर थंडी. ठेकेदार मात्र आकडा पाठ करून बसलेला असतो: सात!

मी काही इंजिनिअर नाही. तुमच्या इंजिनिअरला विचारा. पण माझं मत विचाराल तर हिवाळ्यात तुळईच्या आणि स्लॅबच्या टेकूला एकवीस दिवसांच्या आत हात लावू नका. स्लॅब सकाळी टाका, म्हणजे घट्ट होण्याची सुरुवात उन्हात होईल. संध्याकाळी त्यावर ओली गोणपाटं, वरून प्लास्टिक. दुसऱ्या दिवशी मालाची आळी करून पाणी साठवा.

टेकू लवकर का काढतात? यात गंमत अशी की वाईट कुणीच नसतं. सेंट्रिंगच्या प्लेटा भाड्याच्या असतात, भाडं रोजाचं असतं. ठेकेदाराला त्याच प्लेटा दुसऱ्या गावी न्यायच्या असतात, कारण तिथंही कुणाचा तरी मुहूर्त आहे. मालकाला माघात मुलाचं लग्न नव्या घरात करायचं असतं. सगळे देवाची माणसं. आणि टेकू काढायला आत जातो तो मात्र वीस वर्षांचा पोरगा.

एक घडलेली हकिकत सांगतो. गावाचं नाव सांगत नाही, गोदेच्या काठाला आहे. गृहस्थ माळकरी, वारी चुकवलेली नाही. मार्गशीर्षात स्लॅब पडला. सहाव्या दिवशी ठेकेदारानं टेकू काढायला लावले. सकाळची वेळ, धुकं होतं. मधला टेकू काढला आणि तुळईजवळचा तुकडा खाली आला. पोरगा वाचला. गुडघ्याखालचा पाय गेला. त्या गृहस्थांनी दवाखान्याचा सगळा खर्च केला, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. पुढे स्लॅब पुन्हा टाकला, घर पुरं झालं, आणि वास्तुशांतीला कीर्तनासाठी मला बोलावलं. मी गेलो. चोखोबांचं चरित्र लावलं. मंडळींना वाटलं, वास्तुशांतीला हे काय? यजमान मात्र खाली मान घालून ऐकत होते. पुढे त्यांनी त्या पोराला रस्त्याकडेचा एक गाळा दिला. तो तिथं मोबाईल दुरुस्त करतो. भाडं घेत नाहीत. चांगलं केलं. पोरगा अजून पंढरीला येतो, एसटीनं.

मी त्या दिवशी चोखोबांचं चरित्र का लावलं, ते आता तुम्हाला सांगतो.

(चोखोबांच्या नावाचा गजर)

चोखोबा मंगळवेढ्याचे. घरात सोयराबाई, मुलगा कर्ममेळा, बहीण निर्मळा, मेहुणा बंका. सगळं घर विठ्ठलाचं. नामदेवराय गुरू. पंढरपूर जवळ, पण देवळात पाऊल टाकायची बंदी, कारण जात. देव आत, चोखोबा बाहेर. मंगळवेढ्याच्या गावकुसाचं काम निघालं. गावकूस म्हणजे गावाभोवतीची भिंत. गंमत बघा, ज्यांना गावकुसाच्या बाहेर ठेवलं त्यांनाच गावकूस बांधायला लावलं. चोखोबा त्या कामावर होते. सन १३३८. भिंत कोसळली. चोखोबा आणि बरोबरचे मजूर खाली गाडले गेले.

का कोसळली? चरित्रात त्याचं कारण नाही. माल ओला होता का, घाई होती का, पाया कच्चा होता का, कुणी लिहून ठेवलेलं नाही. मजूर भिंतीखाली गेले की त्याची कारणं कोण लिहितो? आजही चौथ्या पानावर चार ओळी येतात. चोखोबांची आठवण राहिली ती ते संत होते म्हणून. त्यांच्याबरोबर जे गेले त्यांची नावं तुम्हाला माहीत आहेत? मला नाहीत. कुणालाच नाहीत.

नामदेवराय मंगळवेढ्याला गेले. ढिगाऱ्यातली हाडं. कुणाचं हाड कुठलं, ओळखायचं कसं? संतचरित्रकार सांगतात, नामदेवरायांनी एकेक हाड उचललं आणि कानाला लावलं. ज्यातून विठ्ठल विठ्ठल ऐकू आलं ती चोखोबांची. ती त्यांनी पंढरपूरला आणली आणि महाद्वारासमोर समाधी दिली. आज नामदेव पायरीला आपण डोकं टेकतो, तिथंच समोर चोखोबांची समाधी आहे. जिवंतपणी देवळात जे गेले नाहीत ते आता दारात आहेत. आत जाणारा प्रत्येक जण त्यांच्या समोरून जातो.

मी या प्रसंगाशी आलो की थोडा थांबतो. नामदेवरायांनी हाडं कानाला लावली, म्हणजे काय केलं? ढिगाऱ्यात जे पडलं होतं ते त्यांनी राडारोडा मानलं नाही. माणूस मानला. भिंत पडल्यावर माती उपसून पुन्हा भिंत बांधायला घेणारे पुष्कळ असतील. हा एक माणूस तिथं वाकून बसला आणि एकेक हाड ऐकत होता.

(विठ्ठल, विठ्ठल)

म्हणून म्हणतो, मायबाप, तुमच्या बांधकामावर कोण कोण आहे, त्यांची नावं तुम्हाला माहीत आहेत का? गवंड्याचं माहीत असेल. बिगाऱ्याचं? घमेलं वाहणाऱ्या बाईचं? तिचं लेकरू वाळूच्या ढिगावर झोपलेलं असतं, त्याचं? दिवाळी झाली की आपल्या गावात घरं बांधायला निघतात आणि त्याच वेळी बीडकडच्या कितीतरी घरांना कुलुपं लागतात, कारण ती माणसं ऊसतोडीला निघतात. काही भट्टीवर जातात, चार-सहा महिने विटांच्या आडोशाला राहतात. तुमच्या घराची वीट ज्याच्या हातून आली त्याचं स्वतःचं घर या हंगामात बंद असतं. याचं उत्तर मला सापडलेलं नाही. पण निदान हे ठाऊक असावं.

जे हातात आहे ते करा. सिमेंटनं हात फाटतात. थंडीत तर रक्त येतं. हातमोजे किती रुपयांचे असतात? घ्या. सकाळी सातला आलेल्या बाईला शेकोटीशी दोन मिनिटं बसू द्या. आणि एक कागदाची गोष्ट सांगतो, ती फार कमी जणांना माहीत असते. बांधकाम कामगारांसाठी राज्यात कल्याणकारी मंडळ आहे. अठरा ते साठ वयाच्या कामगाराची तिथं नोंदणी होते, पण त्याला गेल्या वर्षात ९० दिवस काम केल्याचं प्रमाणपत्र लागतं. त्यावर काम देणाऱ्याची सही लागते तेव्हा लोक कचरतात. सही केली तर काही अंगावर येईल असं वाटतं. अहो, त्यानं खरंच तुमच्याकडे काम केलं असेल तर करा सही. पोथीवर रोज हात ठेवता, एका कागदावर ठेवा.

आता एक आजी मागून काहीतरी विचारताहेत. काय म्हणता, आजी? "रोज पाणी कोण मारणार, महाराज?" बरोबर प्रश्न आहे! ठेकेदार म्हणतो मालकाचं काम, मालक म्हणतो ठेकेदाराचं काम, आणि भिंत कोरडी. आजी, दुष्काळानंतर तुकोबारायांनी देहूचं विठ्ठलाचं पडकं देऊळ पुन्हा उभं केलं ना, ते स्वतःच्या हातानं माती करून. देवाच्या घराला त्यांनी हात लावला, आपण आपल्या घराला लावायला काय हरकत आहे? सकाळी एकदा, दुपारी एकदा, संध्याकाळी एकदा. ज्याला ओवी म्हणता येते त्यानं ओवी म्हणत मारावं. सुनेला एकटीला लावू नका, मुलालाही लावा. मोबाईल खिशात राहू द्या, पाइप हातात घ्या. भिंतीच्या कोपऱ्यांना जास्त मारा, कोपरे आधी सुकतात.

आणि वास्तुशांतीचं. माघात, फाल्गुनात तुमची घरं पुरी होतील, मला पत्रिका येतील. मी येईन. माझी एकच अट आहे. गवंड्याचा, बिगाऱ्याचा, त्या बाईचा हिशेब आदल्या दिवशी पुरा झालेला असावा, आणि पहिल्या पंगतीला ती माणसं बसलेली असावीत. बांधकामाच्या कपड्यात आली तरी चालतील. वाढायला यजमानांनी स्वतः उभं राहायचं. माझ्या वडिलांनी चाळीसेक घरं बांधली. पहिल्या पंगतीला त्यांना तिघांनीच बसवलं. ती तीन घरं ते शेवटपर्यंत बोटांवर मोजून दाखवायचे, मालकांच्या नावांनिशी.

बरं, साडेनऊ झाले. पलीकडे गाड्या लागल्या आहेत, लांबची मंडळी खोळंबलीत. ज्यांनी पाया खणून ठेवला आहे त्यांनी घरी पोचल्यावर आधी चरात डोकावून बघा, कडा सुटल्यात का, कुत्रं-मांजर पडलंय का, आणि काठाला दोरी बांधा, अंधारात पोरं खेळतात. उठा आता. टाळ घ्या. चोखोबांचं नाव घेऊन गजर करू.

(गजर)